बारावा महिना

मुलुंडला स्वतःचा ब्लॉक आणि घाटकोपरच्या चाळीत रोज सकाळी नळावर रांग, असा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. आमचे नेरूरकर काका. बरं, रांगेत गप्प उभे राहतील तर शपथ! पुढच्या बाईची कळशी भरेपर्यंत मागच्याला सांगून व्हायचं, "आमच्या मुलुंडला नळ आत आहे. घरात. आणि वर शॉवर." मागचा विचारायचाच, "मग काका, त्याच्याखाली अंघोळ कोण करतं?"

"वापरणारे," असं म्हणून काका कळशी उचलायचे आणि चालू लागायचे.

वापरणारे म्हणजे भाडेकरू. पण तो शब्द काकांसमोर काढायची सोय नव्हती. एकदा माझ्या आईने सहज विचारलं, "भाडेकरू बरे आहेत ना तुमचे?" काकांनी आधी आमच्या खोलीचं दार लावून घेतलं. "हळू बोला वहिनी! तसं काही नाही. जागा वापरायला दिलीय, अकरा महिन्यांसाठी. ते वापरणारे, आणि ते देतात तो मोबदला. तो शब्द चार लोकांत बोललात आणि उद्या तुम्हालाच साक्षीला उभं केलं म्हणजे?" आई अस्सल मालवणची. काका गेल्यावर मला म्हणाली, "गे बाय माझे, मी काय गाळी घातलंय तेंका?"

हसायला येतं आता. पण ऐंशी-ब्याऐंशीचे दिवस आठवा. मुंबईत एकदा माणूस दुसऱ्याच्या घरात शिरला की मालकाचे केस पिकायचे, पण तो हलायचा नाही. कायदा राहणाऱ्याच्या बाजूचा. म्हणून मग अकरा महिन्यांचा करार. मुदत संपली की सामान घेऊन बाहेर, मालकाचं कुलूप दाराला, आणि मग वाटलं तर नवा करार करून परत आत. बाकीचे मालक हे सगळं कागदावर उरकायचे. काका खरोखर करायचे. भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते ते. साधा स्क्रू दिला तरी सही घ्यायची आणि परत आला की उलटासुलटा करून बघायचा, हे हाडीमांसी खिळलेलं.

शिवाय त्यांचे चुलतभाऊ, कांदिवलीचे आप्पा. आप्पांनी आपली खोली मित्राला दिली होती, थोड्या दिवसांसाठी, मित्राच्या मुलीचं लग्न होईपर्यंत. त्या मुलीची मुलगी कॉलेजात गेली तरी मित्र तिथेच. आप्पा दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन आपल्याच घरी जात आणि दारात कोणीतरी पोरगं विचारी, "कोण पाहिजे?"

"आणि बेबी, आप्पाचा मित्र वाईट होता म्हणतेस?" काका मला विचारायचे. "मुळीच नाही. देवमाणूस. माणूस चांगलाच असतो गं. वाईट असतो तो बारावा महिना."

हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. बेबी म्हणजे मी. तिशीला आले तरी चाळीत बेबीच. साकीनाक्याला एका ऑफिसात टायपिस्ट होते, म्हणून काकांचे करार माझ्या गळ्यात. त्यांची खोली आमच्या शेजारची, त्यामुळे सुटका नाही. रविवारी जेवून जरा आडवं व्हावं तर काका हजर. "घे बेबी. वापरणाऱ्याने दारावर नावाची पाटी लावू नये. भिंतीवर कॅलेंडर लावू नये."

"कॅलेंडरने काय होतं काका?"

"ताबा सिद्ध होतो. पुढे घे. कुत्रं पाळू नये. कुत्र्याला घर आपलं वाटायला लागतं. तुळस लावू नये."

"तुळस? अहो काका, तुळशीने काय घोडं मारलंय?"

"तुळस रुजते. मग माणसाला घालवता येईल एक वेळ, तुळस उपटायचं पाप कोण घेणार? लिही मुकाट्याने."

येणाऱ्या वापरणाऱ्याला ते पगार विचारत नसत. गाव विचारत. गावी घर आहे का, छप्पर शाबूत आहे का, भाऊ भांडकुदळ तर नाही. ज्याला परत जायला जागा आहे त्यालाच जागा द्यायची, असा हिशोब. एकाला तर त्यांनी गावच्या घराचा फोटो मागितला होता. तो बिचारा पुन्हा फिरकलाच नाही.

आता ही सगळी धडपड कशासाठी? तर काकूंसाठी. काकांना मूलबाळ नव्हतं. दोघंच. ब्लॉक कर्ज काढून घेतलेला. मोबदल्यातून हप्ता जायचा. हप्ते फिटले की घाटकोपरची खोली सोडायची आणि मुलुंडला राहायला जायचं, हे ठरलेलं. काकूंना शॉवरबिवर काही नको होतं. त्यांना आतली खोली हवी होती.

चाळीत राहिलेल्यालाच हे कळेल. एकच खोली. तिथेच स्टोव्ह, तिथेच कॉट, तिथेच देव. पाहुणा आला की त्याच्या पायांशी बसून चहा उकळायचा. लुगडं बदलायचं तर नवऱ्याने गॅलरीत जायचं. दम्याची उबळ आली तरी सगळ्यांसमोर. स्टोव्हच्या वासाने काकूंना हटकून उबळ यायची आणि आलेला पाहुणा अवघडून भिंतीकडे बघत बसायचा. काकू मला म्हणायच्या, "बेबी, पाहुणे बाहेर बसलेत आणि मी आतून चहा घेऊन आलेय, एवढं एकदा रोजच्यासारखं व्हावं गं. सणासारखं नको. रोजच्यासारखं."

पण व्हायचं ते सणासारखंच. वर्षातून एक दिवस.

तो दिवस म्हणजे करार संपायचा दिवस. मोहिते म्हणून एक तरुण जोडपं होतं तेव्हा ब्लॉकमध्ये. प्रकाश मोहिते आणि त्याची बायको शैला. गाव साताऱ्याकडे, छप्पर शाबूत. पहिले अकरा महिने भरले तशी काका, काकू आणि साक्षीदार म्हणून मी, असे सकाळीच मुलुंडला थडकलो. काकांच्या पिशवीत कुलूप, काकूंच्या पिशवीत स्टोव्ह, चहा-साखर, कपबशा. मोहित्यांचं सामान खाली कंपाऊंडात ताडपत्रीखाली, शैला शेजारणीकडे. काकांनी रिकाम्या घरात फिरून कोपरान्‌कोपरा तपासला आणि दारामागची केरसुणी बाहेर नेऊन दिली. "ही राहिली होती. केरसुणी म्हणजे लक्ष्मी. लक्ष्मी तुमची आणि घर माझं, असं चालत नाही."

मोहिते हसून म्हणाला, "काका, आम्हाला पण घ्या एकदाचं तपासून."

मग काकांनी आतून कडी लावली, चटई पसरली आणि मला म्हणाले, "बस बेबी. पाहुणी आहेस." आणि आतल्या खोलीतून काकू आल्या. चहा घेऊन. पदर नीट खोचलेला, केस परत विंचरलेले, हातात ट्रे. चाळीत मी त्यांच्याकडे दिवसातून दहा वेळा चहा प्यायले असेन, पण त्या दिवशी मला उठून उभं राहावंसं वाटलं. त्यांनी कप माझ्यापुढे धरला आणि अगदी परक्या बाईला विचारावं तसं विचारलं, "साखर बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, "छान झालाय." काका भिंतीला टेकून बायकोकडे बघत होते. एवढा हिशोबी माणूस, पण त्या वेळेला तोंड उघडंच राहिलं होतं. संध्याकाळी नव्या करारावर सह्या झाल्या, कुलूप निघालं, मोहित्यांच्या गाद्या वर गेल्या आणि आम्ही परत घाटकोपरला. काकू वर्षभर तो दिवस पुरवून पुरवून खायच्या.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा कंपाऊंडात सामान नव्हतं. दार उघडलं तर ओव्याच्या धुरीचा वास. मोहित्याची दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. शैला कॉटवर, कानाला फडकं बांधून. कुशीत एवढीशी मुलगी. बाळंतपणाची तारीख पुढची होती, माहेरी जायच्या आधीच बाळंत झाली, जेमतेम आठवडा झाला होता.

"टेम्पो सांगितलाय काका," मोहिते म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं. शेजारच्या वहिनी दिवसभर ठेवून घेतो म्हणाल्यात हिला."

खोटं कशाला बोलू, मोहिते त्या दिवशी तयार होता. काकाही तयार होते. तयार नव्हत्या त्या काकू.

"वेड लागलंय का तुम्हाला?" काकू गरजल्या. एरवी आवाज न चढवणारी बाई. "ओली बाळंतीण उंबऱ्याबाहेर काढणार? आठवड्याचं पोर घेऊन लोकांच्या दारात?"

"अगं, समोरच्या दारात. एक दिवस फक्त."

"बारसं होऊ दे. मग काय ती कुलपं लावा."

"बारशापर्यंत बारावा महिना लागतो गं," काका म्हणाले. मी त्यांना एवढ्या काकुळतीने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "ऐक माझं. घरासाठीच म्हणतोय. तुझ्यासाठी."

काकूंनी बाळ उचललं आणि आतल्या खोलीच्या दारात फतकल मारून बसल्या. बाळाच्या टाळूवर तेल जिरवायला घेतलं. "माझा यंदाचा दिवस मी हिला दिला. झालं? बेबी, त्या शैलाला भात टाक जरा मऊसर."

काकांनी कुलूप परत पिशवीत घातलं. खिशातला करार काढून बघितला, परत ठेवला. आणि टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगायला स्वतः खाली गेले.

झालं ते तिथेच झालं. बारसं जोरात झालं, काकूंनी दुपटं शिवून नेलं. मग नव्या कराराचं काढलं तर मोहिते म्हणाला, "सव्वा महिना होऊ दे काका." मग पावसाळा जाऊ दे. मग बाळाला गोवर. मध्ये त्याला ऑफिसात कोणीतरी शहाणा भेटला असणार. कारण एक दिवस काका मनीऑर्डरचं कुपन हातात धरून आमच्या दारात आले. "वाच," म्हणाले. त्यावर मोहित्याच्या अक्षरात लिहिलं होतं, अमुक महिन्याचे भाडे. काका आमच्या उंबऱ्यावरच बसले. "लिहिला बघ त्याने तो शब्द," म्हणाले.

मी भडकले. म्हटलं, चला, आत्ता जाऊन त्याची कॉलर धरते. काका म्हणाले, "माणूस चांगलाच असतो..." आणि कुपनाची घडी घालून खिशात ठेवली.

मग कोर्ट. त्याबद्दल काय सांगायचं? तारीख पडते आणि पुढे जाते, एवढंच काम तिथे होताना मी बघितलं. पण ही दोन पार्ट्यांची वरात बघण्यासारखी असायची. काका आणि मोहिते एकाच बाकावर बसायचे, कारण दुसरा बाक रिकामा नसायचा. काका विचारायचे, "दात आला का पोरीला?" मोहिते म्हणायचा, "आला ना, खालचा." मग काका पिशवीतून डबा काढायचे. काकूंनी शैलासाठी अळिवाचे लाडू दिलेले. वकीलसाहेबांनी एकदा बघितलं आणि कपाळाला हात लावला. "नेरूरकर, ज्याच्यावर दावा लावलाय त्याला लाडू चारतात का हो?"

"बायकोने दिलेत, साहेब. परत नेले तर माझ्यावर दावा लावेल," काका म्हणाले.

इकडे काकू मात्र खंगत चालल्या. दमा होताच, त्यात हा घोर. "माझ्या जिभेने घालवलं घर," एवढं एकच. जेवताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. मला थांबवून विचारायच्या, "बेबी, मी त्या दिवशी गप्प राहिले असते तर आज तिथे असतो ना गं आम्ही?" करार मीच टाइप केला होता. उत्तर मला ठाऊक होतं.

आणि एका रविवारी नळावर, सगळ्या चाळीदेखत, काकूच हसत हसत सांगत होत्या, "ऐकलंत का आमच्यांचं? जन्मभर अकरा महिने, अकरा महिने करून डोकं उठवलं आणि ऐन वेळेला तारीख विसरले! आम्ही गेलो तेव्हा बारावा महिना लागूनसुद्धा गेला होता म्हणे. त्या दिवशी सांगायची लाज वाटली म्हणून बारावा लागतो, लागतो म्हणाले, काल कबूल केलं. आणि मी मेली उगाच जिवाला लावून घेतलं!"

सगळे फिदीफिदी हसले. "काय काका, स्टोअरकीपर ना तुम्ही? वाट लावलीत की!" काका खाली मान घालून कळशी भरत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं.

ते विसरले नव्हते. अकराव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळच्या प्रहरी, कुलूप घेऊन आम्ही त्या दारात उभे होतो. हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि तिसऱ्या कोणाला कळू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. काकू त्या रविवारपासून पोटभर जेवायला लागल्या. नवऱ्याला येता-जाता टोमणे मारायला लागल्या. काका ते टोमणे प्रसाद घ्यावा तसे घ्यायचे.

पण कोर्टात काय करणार? वकीलसाहेब म्हणाले, "तुम्ही वेळेवर गेलात, तो निघायला तयार होता, बाळंतीण बघून तुम्ही माणुसकीने थांबलात. यात जोर आहे. पत्नीला साक्षीला आणा, या मुलीला आणा."

"नाही," काका म्हणाले. "मी तारीख विसरलो होतो."

"अहो, असं बोललात तर केस बसेल तुमची!"

"बसू दे. मी विसरलो."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर ओरडलेच. भर रस्त्यात. "तुम्हाला घर नकोय का? काकूंना तिथेच न्यायचंय ना?"

"न्यायचंय गं," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "पण तिला पिंजऱ्यात उभं करून विचारणार, बाई, तुम्हीच थांबवलंत ना? ती खरं बोलणारी बाई. हो म्हणणार. मग ते हो घेऊन ती पुढे राहील कुठे, मुलुंडला की घाटकोपरला, काय फरक पडतो? तू वचन दे, बोलणार नाहीस."

मी दिलं. रागाने दिलं, पण दिलं.

कोर्टात काका म्हणाले, विसरलो. दावा हरले. वरच्या कोर्टात गेले, तिथे नुसत्याच तारखा. हप्ते मात्र फिटले. फिटले त्या दिवशी काकूंनी शिरा केला आणि म्हणाल्या, "चला, आता मोहित्यांनी जागा सोडली की जायचंच." त्यानंतरच्या थंडीत दमा विकोपाला गेला आणि काकू गेल्या. हॉस्पिटलच्या वॉर्डात, दोन्ही बाजूंना अनोळखी बायका, मध्ये एक मळका पडदा. शेवटपर्यंत त्यांना आतली खोली मिळाली नाही.

दहाव्याला शैला आली होती, मुलीला घेऊन. ओक्साबोक्शी रडली. काकांच्या पायावर मुलीला घातलं. काकांनी मुलीच्या हातावर साखर ठेवली आणि विचारलं, "शाळेत नाव घातलंस का?"

आणखी काही महिन्यांनी मोहिते आला. त्याला ठाण्यापलीकडे स्वतःची जागा झाली होती. लोक तेव्हा ब्लॉक सोडायचे तर मालकाकडून वर रक्कम घेऊन सोडायचे, आम्हाला वाटलं हाही मागेल. त्याने किल्ली कॉटवर ठेवली. "शैला त्या आतल्या खोलीत जायलाच तयार नाही काका. काकू दारात बसल्यात असं वाटतं म्हणते. माझी जागा व्हायला उशीर झाला. नाहीतर मी..."

मला एवढा संताप आला! द्यायचीच होती तर एक वर्ष आधी द्यायची होती मेल्या, असं ओठावर आलं होतं. काकांनी हाताने मला थांबवलं. "चहा घेशील?" त्याला विचारलं. तो नको म्हणाला आणि गेला.

काकांनी ब्लॉक परत कोणाला वापरायला दिला नाही. तिकडे राहायलाही गेले नाहीत. चाळीत लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, सोन्यासारखी जागा कुलपात ठेवलीय. एका रविवारी दुपारी, मी आडवी झाले असताना, ते दारात आले. हातात पिशवी. "बेबी, मुलुंडला येतेस? जरा बसून येऊ."

ब्लॉकमध्ये पंखासुद्धा नव्हता. भिंतीवर खडूने काढलेली बाहुली होती आणि दाराच्या चौकटीवर मुलीची उंची मोजलेल्या रेघा. एका खिळ्याला जुनं कॅलेंडर तसंच राहिलं होतं. मी काढायला गेले.

"राहू दे," काका म्हणाले. त्यांनी चटई पसरली. "बस. पाहुणी आहेस."

मग पिशवी घेऊन आत गेले. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. काडी विझली, परत ओढली. भांडं पडलं. मी उठले तशी आतून हाक आली, "तू बाहेरच बस! आत यायचं नाही." मी बसले. बराच वेळ लागला. एरवी हाताने कधी चहा न केलेला माणूस.

मग काका आतल्या खोलीच्या दारात आले. हातात तोच ट्रे. शर्टाची बटणं नीट लावलेली, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. माझ्यासमोर वाकून त्यांनी कप धरला आणि विचारलं,

"साखर बरोबर आहे ना?"

मी घोट घेतला. "बरोबर आहे," मी म्हटलं. "छान झालाय."

साखर नव्हतीच त्यात. या वेळी मात्र काका खरंच विसरले होते.